‘वुड म्हणजे विलचा भूतकाळ’ छापणाऱ्या गाईडकारांस खुले पत्र

महाशय,

तुमचं गाईड दप्तरादप्तरांत आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मोडल ऑक्झिलरीजना तुम्ही एक चौकट दिलीत : कॅन – शकतो, कुड – शकला, वुड – विलचा भूतकाळ. खाली हुकूम, ‘पाठ करा’. इच्छा कशी बोलून दाखवायची, याला त्या चौकटीत जागाच नाही. मग मुलं ‘आय विश यू विल पास’ लिहितात आणि मार्क गमावतात. घडण्यासारख्या गोष्टीला ‘आय होप यू विल पास’ लागतं. आशीर्वाद द्यायचा तर ‘मे यू सक्सीड’.

‘आय विश आय कुड स्विम’ घ्या. चौकट पाठ केलेली मुलगी अर्थ लावते, ‘मला पोहता येत होतं’. वाक्य नेमकं उलट सांगतं : आज पोहता येत नाही, याची खंत आहे. इथलं भूतकाळी रूप काळ दाखवत नाही. इच्छा वास्तवात नाही, हे दाखवतं. गेल्या वेळेची हळहळ असेल तर ‘आय विश आय कुड हॅव कम’. समोरचा ऐकत नाही म्हणून वैतागलात तर ‘आय विश यू वुड लिसन’. आणि दुकानात ‘आय वुड लाइक टी’ म्हणणाऱ्याला चहा आत्ता हवा असतो. सांगा, यात विलचा भूतकाळ कुठे आहे?

मराठी मुलांना हे अवघड नाही. ‘पाऊस पडावा’ हा विध्यर्थ आणि ‘पाऊस पडला असता तर’ हा संकेतार्थ त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘मला पोहता आलं असतं तर!’ म्हणणारी मुलगी कालचं सांगत नसते, हे तिच्या आजीलाही कळतं. या जाणिवेवर बोट ठेवलं असतंत, तर अर्धं काम झालं असतं. तुम्ही तीच झाकून टाकलीत.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं ही भाषा शिकून मुलाला स्वतःची इच्छा सांगता येत नसेल, तर त्या अपयशात तुमच्या चौकटीचा वाटा आहे.

पुढच्या आवृत्तीत ती काढा. प्रसंग द्या, प्रत्येक प्रसंगाखाली वाक्य द्या. तोवर शिक्षकांनी ते पान वर्गात उघडू नये.

मराठी शाळेतली एक इंग्रजी शिक्षिका