चीफसाहेबांचं शीड

रत्नागिरीत होड्यांना तोटा नाही. मिरकरवाड्याला ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, राजिवड्याला आणि भाट्याच्या खाडीत लहान होड्या. या सगळ्या कामाच्या. पण अलीकडे जेटीवर एक निराळी जात दिसू लागली आहे. ती म्हणजे शीडवाले. शीडवाल्याला मासे धरायचे नसतात. मासे तो बाजारात घेतो, तेही घासाघीस करून. माल न्यायचा नसतो, कुठे वेळेवर पोचायचंही नसतं. त्याला फक्त वाऱ्यावर जायचं असतं. यात मुंबईची नोकरी आटोपून परतलेले असतात, आंब्यात बरं कमावलेला एखादा बागायतदार असतो, एखादा डॉक्टर असतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर आमचे चीफसाहेब.

चीफसाहेब म्हणजे मर्चंट नेव्हीतले निवृत्त चीफ इंजिनिअर. उभा जन्म सात समुद्रांवर काढला, पण तो इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली, कानांत बोळे घालून. सुवेझ आला नि गेला, तोही त्यांना वरून आलेल्या घंटीवरून कळला. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मशीनचं तोंड पाहणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी चारचौघांत केली. थिबा पॅलेसच्या अंगाला घर बांधलं, गच्चीतून भाट्याची खाडी दिसेल असं. फायबरची एक होडी करवून घेतली. एक डोलकाठी, पांढरंशुभ्र शीड, आणि तळाशी ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून एक लहानशी डिझेल मशीन.

अडीअडचण होडी पाण्यात उतरली त्याच दिवशी सुरू झाली. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचलाय, हे रत्नागिरीत शेंबडं पोरही सांगेल. मच्छीमारांची त्यावरची ओरड जुनी आहे. भरती बघून आत-बाहेर करावं लागतं आणि लाट आडवी लागली तर होडी उलटायची धास्ती. तेव्हा मुखातून बाहेर पडेपर्यंत मशीन हवीच, यात चीफसाहेबांचं काही चुकत नाही. बाहेर पडलं की मांडवीसमोर जाळी. जाळ्यांतून शिडावर जायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण. जाळी संपली की रत्नदुर्गाचा डोंगर वारा अडवतो. डोंगर ओलांडला की वारा लागतो, पण थेट नाकावर. वायव्येचा वारा, आणि जयगड उत्तरेला. मग उलट फिरून पूर्णगडाकडे वळावं तर जाताना वारा पाठीशी, पण येताना तोच वारा तोंडावर, म्हणजे यायला संध्याकाळ. तोवर जेवण? एकूण, रत्नागिरीच्या समुद्रात शिडावर जाता येईल अशी दिशा चीफसाहेबांना अजून सापडलेली नाही.

खरं सांगायचं तर इथल्या वाऱ्यासारखा वक्तशीर कारकून कुठल्या कचेरीत मिळणार नाही. पावसाळा सरून थंडी पडू लागली की त्याची ड्यूटी ठरलेली. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. हा मतलई. ऊन चढलं की तो मंदावतो आणि नऊ-दहाच्या सुमाराला पडतो. मग जमीन तापते, दुपारी समुद्राकडून खारा वारा आत घुसतो, तीन-चारला ऐन भरात येतो आणि दिवेलागणीला गप्प होतो. शिडाच्या जमान्यातला मच्छीमार याच वेळापत्रकावर जगला. मतलईवर बाहेर, खाऱ्यावर घरी. दोन्ही वेळचं भाडं फुकट. अट एवढीच की पहाटे चारला उठायचं आणि दुपार उलटेपर्यंत पाण्यावर थांबायचं.

चीफसाहेब सहाला उठतात. मग चहा, पेपर, आंघोळ, पूजा, पोहे आणि पोह्यांवर पुन्हा चहा. होडीत पाय पडतो तो पावणेदहाला. तोवर मतलई सही करून घरी गेलेला असतो. दोन वाऱ्यांच्या मधल्या त्या मेलेल्या तासांत हे शीड उभारतात आणि ‘शिंचा वारा आजच कुठे मेला’ म्हणून आकाशाकडे बघतात. बाराच्या पुढे खारा वारा अंगाला लागतो न लागतो, तोच यांची जेवायची वेळ होते. आणि तीन वाजता, ज्या घटकेसाठी माणसांनी शीड शोधून काढलं असेल त्या घटकेला, चीफसाहेब डाव्या कुशीवर निजलेले असतात. वामकुक्षी टाकून शिडावर जाणारा पेन्शनर कोकणात अजून जन्मायचा आहे.

त्याच वेळी मांडवीसमोर एनसीसीच्या नौदल युनिटची कॉलेजातली मुलं-मुली व्हेलर होडीला शीड चढवून सुसाट चाललेली असतात. वारा पडला तर त्यांना वल्ही मारावी लागतात, एवढीच त्यांची यंत्रसामग्री. चीफसाहेब झोपून उठतात, कप घेऊन गच्चीत येतात, दुर्बीण लावतात आणि म्हणतात, “शीड जरा ढिलं सोडलंय पोरांनी.”

शिडावर बोलायला मात्र त्यांच्यासारखा माणूस नाही. संध्याकाळी जेटीवर बसले की म्हादेई निघते. दिलीप दोंदे 2009-10 साली गोव्यात बांधलेल्या त्या बोटीतून एकटे, वाटेत चारच बंदरांना थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अभिलाष टॉमी पुढे त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. मग लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं निघतं, ज्यांनी बोटीत इंजिन बसवलंच नाही आणि जग पालथं घातलं. हल्ली भर पडलीय ती ‘कौंडिण्य’ची. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, काथ्यानं फळ्या शिवलेलं ते जहाज मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. “मशीनच नाही हो त्यात!” असं म्हणताना चीफसाहेबांच्या आवाजात कौतुक असतं, पण थोडी हळहळही असते. इतकं मोठं जहाज आणि तेलपाणी करायला काहीच नाही.

शेवटी गाडी कान्होजी आंग्र्यांवर येते. आंग्र्यांचं शीड दिसलं की भल्याभल्यांची कशी तंतरायची, हे चीफसाहेब हातवारे करून सांगतात. मात्र त्या काळच्या गलबतांना शिडाच्या जोडीला चाळीस-पन्नास वल्ही असत, आणि वारा पडला की ही गलबतं गुराब म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना दोरखंड लावून ओढत नेत, तेवढं ते गाळतात. म्हणजे मशीन कान्होजींकडेही होती. ती डिझेलऐवजी भाकरी खायची, इतकाच फरक.

होडीवर सोबतीला राजिवड्याचे एक चाचा असतात. वय ऐंशीच्या पुढे, हात अजून दोरीसारखे पिळदार. तरुणपणी शिडाच्या गलबतावर खलाशी होते, मंगलोरहून कौलं भरून आणायचे. एका रविवारी मीही होडीत होतो. मशीन धडधडत होती, शीड वर उगीच फडफडत होतं आणि चीफसाहेब मोठ्यानं म्हणाले, “चाचा, तुमचा काय जमाना असेल हो! डिझेलचा वास नाही, कटकट नाही, नुसता वारा!”

चाचांनी विडी विझवली. “चीफसाहेब, वारा पडला की तीन-तीन दिवस तिथंच. प्यायचं पाणी संपायचं. मशीन आली तसं नाखव्यानं शीड उतरवलं. त्याच्यावर आम्ही चार वर्षं भात वाळवला. एकानं नाय विचारलं, शीड कुठं गेलं म्हणून.”

चीफसाहेबांना यातलं काही ऐकू गेलं नाही. मशीन चालू होती ना.

होडीत खोटं न बोलणारी एकच वस्तू आहे, मशीनचा तासमीटर. जहाजावरच्या सवयीनं चीफसाहेब लॉगबुक ठेवतात, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्या रविवारची नोंद मी वाचली. जेटी सोडली 9.50, परत 12.40. मशीन चालली 2 तास 40 मिनिटं. शेरा: ‘उत्तम शीडप्रवास. वारा मंद.’ उरलेली दहा मिनिटं फोटोची.

फोटो रत्नदुर्गाखाली काढायचा असतो. मागे तटबंदी, वर दीपगृह, पुढे शीड आणि सुकाणूवर चीफसाहेब, नजर क्षितिजावर. चाचांनी मोबाईलचं बटण दाबलं की फोटो पुण्याच्या भाच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि मशीन पुन्हा चालू. भाचे हरखतात. शीड थोडं जवळून पाहिलं तर मात्र त्यावर घडीच्या रेषा स्पष्ट दिसतात, उभ्या आणि आडव्या. वाऱ्यात राबलेल्या शिडावर घडी राहत नाही.

मला विचाराल तर यात ढोंग फारसं नाही. मशीन चालू करताना त्या माणसाचा चेहरा पाहावा. किल्ली फिरवली की मान किंचित कलते, कान लागतो, पहिल्या दोन-चार ठोक्यांत तिची तब्येत कळते. मग झाकण उघडून कॉटन वेस्टनं उगीचच एक पाइप पुसून घेतात. “हिला बसवून ठेवणं बरं नव्हे, गंज चढतो,” हे वर. आणि ते खरंही आहे. शिडाची दोरी मात्र ते दोन बोटांत धरतात, परक्याचं मूल घ्यावं लागल्यागत.

चीफसाहेबांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, या सगळ्याला काही हरकत नाही. मुखाशी मशीनचा आवाज आला की त्या भाताला आधण ठेवतात. होडी जेटीला लागून चीफसाहेब चढ चढून वर येईतो भात तयार. मी एकदा म्हटलं, “काकू, एखाद दिवशी खरंच शिडावर आले तर कळायचं कसं?”

“काय तरीच बाई तुमचं,” काकू म्हणाल्या आणि कुकरची शिटी मोजू लागल्या.

1 जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या, झापांखाली गेल्या. चीफसाहेबांची होडीही ताडपत्रीखाली आहे. पावसात बसून त्यांनी हंगामाचा नीट विचार केला आणि रोगाचं निदान केलं. शीड लहान पडतंय, म्हणून वारा धरत नाही. तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत दीडपट मोठं शीड करायचं. मोठ्या शिडाला डोलकाठी उंच लागणार, डोलकाठी उंच म्हणजे होडी जड होणार, आणि जड होडीला ही एक सिलिंडरची मशीन पुरायची नाही.

दोन सिलिंडरची मशीन मागच्या आठवड्यात येऊन पडलीय. शीड अजून शिवायला टाकायचंय.