आलं नव्हे!

काही माणसांना आपसूक उगवणाऱ्या झाडांचं वावडंच असतं. डोंबिवलीच्या गॅलरीत कढीपत्ता फोफावला, जास्वंद रोज पाच-पाच फुलं देऊ लागली, की आमच्या शेजारच्या अप्पांचं मन त्यांच्यावरून उडतं. "ती काय, कुणाकडेही येतात!" गेल्या एप्रिलमध्ये ते काश्मीरची सहल करून आले, तेव्हा आमच्या वाट्याला अक्रोड आले आणि कुंड्यांच्या वाट्याला आयरिसचे चार कंद.

काश्मिरात ही फुलं कबरस्तानांतसुद्धा बिनबोभाट फुलतात. डोंबिवलीत मात्र त्यांचे सोहळे सुरू झाले. आयरिसला हिवाळ्यात कडाक्याची थंडी हवी, मुळांशी पाणी साचायला नको आणि रोज निदान सहा तास ऊन हवं. अप्पांच्या गॅलरीत ऊन येतं पावणेदोन तास, तेही समोरच्या इमारतीच्या मेहेरबानीनं. थंडीची सोय फ्रिजमध्ये झाली. पण हा कंद दिसतो थेट आल्यासारखा, तसाच गाठाळ आणि मातकट. म्हणून भाजीच्या कप्प्यातल्या पिशवीवर अप्पांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आलं नव्हे!'

"अहो, एवढं काय आहे त्या फुलात?" काकूंनी विचारलं.

"व्हॅन गॉगनं १८८९ साली हीच फुलं रंगवली."

"कुठं?"

"फ्रान्सात. सँ-रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या बागेत."

"तरीच," म्हणून काकू कुकरकडे वळल्या.

मेअखेरीस लागवड झाली. कंदाची पाठ मातीबाहेर उन्हाला ठेवायची, खोल पुरला की कुजतो, हे मला जिन्यात अडवून तीनदा सांगण्यात आलं. पाऊस लागला तशी घरातली एकुलती एक छत्री कुंडीवर गेली आणि अप्पा भिजत दूध आणू लागले. आणि जूनमध्ये कोंब फुटला! मजल्यावर पेढे वाटले. "पाऊस मानवलाय त्याला. कुजायचं सोडून हरखलाय!" आयरिसची पाती जमिनीतूनच चपट्या पंख्यासारखी निघतात, ही तर दांड्याला लागली होती. पण पोर झाल्याच्या आनंदात नाक कुणाचं घेतलंय, हे बाप कुठं बघतो?

ऑगस्टात काकूंनी एक पान चुरगाळलं, हुंगलं आणि शांतपणे विचारलं, "चहात घालू?"

मग खरे कंद गेले कुठं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मे महिन्यात दोघांचीही पोटं बिघडली होती, तेव्हा खापर हापूसवर फुटलं होतं.

आठवडाभर अप्पा गप्प होते. मग जिन्यात पुन्हा गाठलं. "आयरिस सोड. पुढच्या एप्रिलला ट्यूलिप आणतोय!"

ट्यूलिपचा कंद दिसतो कांद्यासारखा. काकूंनी कांद्यांची टोपली कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली आहे.