‘त्याला कळतं त्यातलं’: इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

पुण्यात धायरी फाट्यावरून आत वळलं की ज्या इमारती लागतात, त्यांतल्या प्रत्येकीत एक अध्यक्ष, एक सचिव, एक खजिनदार आणि एक ‘त्याला कळतं त्यातलं’ असतो. पहिल्या तिघांची निवड सभेत होते, म्हणजे कोरम झाला तर होते. चौथ्याची निवड कुणीच करत नाही. एके दिवशी जिन्यात कुणीतरी कुणाला तरी सांगतं, “तिसऱ्या मजल्यावर विचारा, त्याला कळतं त्यातलं,” आणि तिथून पुढे सुटका नाही. या पदाला मानधन नाही, मुदत नाही आणि राजीनामा घ्यायला कुणी अधिकारीही नाही. धायरी २०१७ साली पुरती महापालिकेत आली, त्याच्या आधीपासून मी हे पद सांभाळतो आहे. गावाचा कारभार करणारी मंडळी बदलली. माझ्या दारावरची बेल मात्र तीच आहे आणि त्याच वेळी वाजते: मी पहिला घास उचलला की.

पुढच्या पिढीतल्या इच्छुकांसाठी काही अनुभवसिद्ध नियम खाली देत आहे.

नियम १. औजार कुणाला दाखवू नये.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन चार्ज होईना. दुकानात त्यांना ‘जॅक गेलाय’ असं सांगून दीड हजाराचा आकडा ऐकवला होता. मी फोन बंद केला, टॉर्च मारून भोकात पाहिलं आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरलं. सदऱ्याच्या खिशातला काही वर्षांचा कापूस बाहेर आला. दाबून दाबून त्याचा नमदा झाला होता आणि त्यात बडीशेपेचा एक दाणा होता. वायर खटकन बसली. हे नीट लक्षात ठेवावे: कचरा साचला की पिन पुरती आत जात नाही, आणि ‘चार्जिंग होत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा आजार एवढाच असतो. सुई किंवा स्टेपलरची पिन मात्र घालू नये, आतले संपर्क नाजूक असतात.

माझं चुकलं ते एवढंच, की हे सगळं मी काकांच्या डोळ्यांदेखत केलं. दीड हजाराचं काम टूथपिकने झाल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. काकांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचे भाव होते, आणि ती दुकानदाराने केलेली नव्हे. पुढच्या वेळी ते टीव्हीचा रिमोट घेऊन आले, सोबत टूथपिकची डबी. तेव्हापासून मी रुग्ण आतल्या खोलीत नेतो, दार लोटतो आणि पाच मिनिटं नुसता बसून राहतो.

नियम २. रिकामे खोके जपावेत.

‘खोके’ हा शब्द २०२२ पासून महाराष्ट्रात निष्पाप राहिलेला नाही, तरी माझ्या माळ्यावरचे तेवीस खोके पूर्णपणे रिकामे आहेत, हे आधीच स्पष्ट करतो. फोनचे आठ, राउटरचे तीन, हेडफोनचे पाच, उरलेले कशाचे ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. यातल्या एकाच खोक्याचं समर्थन शास्त्राने करता येतं: सध्या वापरात असलेल्या फोनच्या. त्यावर आयएमईआय क्रमांक छापलेला असतो. फोन हरवला की तक्रार देताना आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो. फोनवर *#०६# दाबूनही तो दिसतो, पण हरवलेल्या फोनवर ते दाबणार कोण? उरलेल्या बावीस खोक्यांबद्दल बायको विचारते तेव्हा मी ‘विकताना किंमत जास्त येते’ असं म्हणतो. आजवर मी एकही वस्तू विकलेली नाही. मॉनिटरच्या खोक्यात गौरींचे मुखवटे फार व्यवस्थित बसतात, हे मात्र तिनेच शोधून काढलं आणि त्या दिवसापासून तेवढा खोका ‘आपला’ झाला.

नियम ३. वायर टाकून देऊ नये.

जी टाकाल ती रविवारी लागेल. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली तर मिळेल, पण चाळीस रुपयांच्या कनेक्टरपायी सगळा सिंहगड रस्ता पार करावा लागेल, तोही दोनदा. आता सगळं टाइप-सी झालं. युरोपने तर डिसेंबर २०२४ पासून फोनांना तशी सक्तीच केली. म्हणून आनंदी होऊ नये. पूर्वी वेगवेगळ्या दिसणाऱ्या वायरी वेगवेगळं काम करत, आता एकसारख्या दिसणाऱ्या वायरी वेगवेगळं काम करतात. एक नुसती चार्ज करते, दुसरी फोटोही नेते, तिसरी लॅपटॉप चालवते. ओळखायची कशी? कागदी चिकटपट्टी लावून वर पेनने लिहावे. मी लिहिलं आहे: ‘चांगली’, ‘बरी’, ‘काकूंना द्यायची’.

नियम ४. प्रिंटर घेऊ नये.

ज्या शहरात १९९१ साली सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्याच शहरात माझा प्रिंटर टेबलावर माझ्या शेजारी बसून मला ‘ऑफलाइन’ म्हणतो. घेतलाच असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढावे, नाहीतर शाई सुकून तिची बारीक छिद्रं बुजतात. आमच्याकडे दर रविवारी एक पोपट छापतात.

नियम ५. राउटर कुठे ठेवावा याबद्दल वाद घालू नये, रात्री गुपचूप हलवावा.

जोडणीला येणारा मुलगा राउटर तिथेच ठेवतो जिथे त्याची वायर संपते, आणि वायर नेहमी लोखंडी कपाटामागे संपते. लोखंड लहरी अडवतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते पण सावकाश चालते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दोन भिंती लागल्या की दमते. मायक्रोवेव्हही २.४५च्या आसपासच काम करतो, म्हणून स्वयंपाकघरात भात गरम होत असताना पाककृतीचा व्हिडिओ अडखळतो. उपाय एकच: राउटर उंचावर, मोकळ्यावर, घराच्या मध्याशी. मी तो पुस्तकांच्या फडताळावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर क्रोशाचा रुमाल होता. धूळ बसू नये म्हणून आईने घातलेला. गरम हवा बाहेर पडायला भोकं असतात, हे मी तिला समजावलं. “मग जाळीचाच घातलाय ना,” ती म्हणाली. क्रोशा म्हणजे जाळीच, हे मान्य करावं लागलं.

पासवर्ड तिने कालनिर्णयवर लिहून ठेवला आहे, गॅस लावल्याची तारीख आणि दुधाचे खाडे यांच्या मधोमध. मी आधी ओरडलो. मग विचार केला. आमच्या भिंतीपर्यंत पोचेल असा चोर आला तर तो वाय-फाय नेणार नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरणं हा खरा धोका, आणि तो मी वापरत होतो.

उपनियम: गुरुवार हा पुण्यात वीज आणि पाणी या दोघांच्या देखभाल-दुरुस्तीचा वार. त्या दिवसासाठी मी राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. वीज गेली, राउटरचे दिवे डौलात हिरवे राहिले, इंटरनेट मात्र नव्हतं. ज्या जोडपेटीतून ते आमच्या इमारतीत येतं ती तळमजल्यावर आहे, आणि तिलाही वीज लागते.

नियम ६. आईच्या बटणांशी स्पर्धा करू नये.

स्मार्ट बल्ब मोबाइलवरून लागतो, रंग बदलतो, सूर्यास्ताला आपोआप उजळतो. अट एकच: भिंतीवरचं बटण कायम चालू हवं. आमच्या घरात निजण्यापूर्वी सगळी बटणं बंद करत फिरणारी एक शक्ती आहे आणि ती पंच्याहत्तर वर्षांची आहे. हीच शक्ती माझा फोन शंभर टक्के झाला की “झाला हो!” असं ओरडून, दूध उतू जाताना धावावं तशी धावते आणि वायर उपटते. तिला सांगून पाहिलं, की चार्ज पुरा झाला की फोन स्वतःच विजेला थांबवतो. लिथियम-आयन बॅटरीला खरा ताप उष्णतेचा, म्हणून उशीखाली तेवढा ठेवू नये. शंभरपर्यंत न नेता ऐंशीला थांबवला तर बॅटरी जास्त वर्षं टिकते, हेही सांगितलं. हे सांगायला नको होतं. आता ती ऐंशीला ओरडते.

नियम ७. सोसायटीची सूचना आपण टाइप करावी.

नाहीतर फलकावर ‘पैसे न भरणार्यांची नावे’ असं लागतं आणि निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात थांबवून आपल्यालाच विचारतात. ‘ऱ्या’ काढायचा तर साधा र चालत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र दाबावा, खाली टिंब असलेला ऱ येतो. मग पाय मोडावा, मग य, मग काना. चार कळा. गेल्या वर्षभरात इमारतीने माझ्याकडून शिकलेली ही एकमेव गोष्ट. ती शिकले मुख्याध्यापक, बाकी कुणी नाही.

नियम ८. हसू नये.

बी विंगमधल्या काकू एका रात्री साडेनऊला दोन जिने चढून आल्या. हातात फोन, चेहरा पांढरा. ‘बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडण्यात येईल, या नंबरवर संपर्क करा.’ बिल तर भरलं होतं, मग? त्या नंबरावर फोन लावण्याआधी त्या माझ्याकडे आल्या होत्या, एवढंच. मी मेसेज पुसला, नंबर ब्लॉक केला, भरलेल्या बिलाची पावती काढून दाखवली. बँक, वीज, पोलीस, कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही आणि फोन दुरून चालवणारं ॲप घ्यायला सांगत नाही. पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब १९३० हा सायबर-तक्रारीचा नंबर लावायचा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. हे मी त्यांच्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

त्याआधीच्या आठवड्यात याच काकू ‘फोन भरला म्हणतो’ म्हणून आल्या होत्या. आत चार हजारांवर सुप्रभात होते, गुलाब, कप, सूर्य आणि विठ्ठल. मी ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरवणं बंद करून दिलं, आणि थोडासा हसलो. हसण्याने काय होतं, तर पुढच्या वेळी माणूस विचारायला येत नाही. ती पुढची वेळ साडेनऊची असू शकते. काकू आल्या, हे माझं नशीब.

नियम ९. टाकीत उतरू नये.

आमचं पाणी टँकरचं. गच्चीवरच्या टाकीत किती आहे, हा आमच्या इमारतीचा मूलभूत प्रश्न. मी तो तंत्रज्ञानाने सोडवायचं ठरवलं. ईएसपी ८२६६ ही वाय-फायची चिप आणि ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर. तो चाळीस हजार हर्ट्झचा आवाज सोडतो, माणसाला वीस हजारांच्या पुढचा ऐकू येत नाही. आवाज पाण्यावर आपटून परततो. लागलेला वेळ गुणिले सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भागिले दोन, की झालं अंतर. आठ दिवसांत सगळ्यांच्या फोनवर टक्के दिसू लागले. टाळ्या झाल्या. सचिवांनी मला पहिल्यांदाच ‘अहो’ म्हटलं.

दहाव्या दिवशी झाकणाखालच्या वाफेने सेन्सरच्या डोळ्यांवर थेंब धरले आणि टाकी तीन दिवस एक्केचाळीस टक्क्यांवर थांबली. मग पाण्याला न भिणारा सेन्सर आणला. त्याला नाकासमोरचे वीस-पंचवीस सेंटीमीटर दिसत नाहीत, हे मला टाकी भरून वाहू लागली तेव्हा कळलं. गच्चीवरून टँकरचं विकतचं पाणी पन्हाळीतून खाली धो धो पडत होतं आणि ॲप ‘कृपया टँकर मागवा’ म्हणत होतं. सचिव पुन्हा ‘अरे’वर आले.

तेव्हा वॉचमन मामा वर आले. त्यांनी कॉक फिरवला आणि मला टाकीशी उभं केलं. खालपासून वरपर्यंत बोटांच्या पेरांनी टाकी ठोकत नेली. ठप, ठप, ठप, आणि एका जागी ठण्ण. “इथवर पानी. सकाळी यायचं, हात लावायचा. पानी तिथं गार लागतंय.” आवाज सोडायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं. माझा सेन्सर हेच करत होता, फक्त मामांवर वाफ धरत नाही.

नियम १०. पद सोडू नये.

ॲप अजून चालू आहे. रोज सकाळी सातला सगळ्यांना टाकीचे टक्के जातात आणि लोक त्यांवर भरवसा ठेवून कपडे भिजवतात. पावणेसातला मी मामांना फोन करतो. ते “पाऊण” म्हणतात. मी ७४ लिहितो. ७५ लिहिलं तर कुणालाही अंदाजपंचे वाटेल.