दर खोडायची कृती

बदलापूरच्या कात्रपमधल्या एका पोराने बांधकाम ठेकेदारांसाठी हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर केलंय. त्याची मराठी माहितीपुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पंचवीस पानं सुरळीत गेली, सव्विसाव्यावर गाडी अडली. विषय : 'साइटवरचा खास दर डिलीट कसा करावा.' पोरगा म्हणाला, "काका, चार ओळींचं काम. यादी उघडा, दरापुढचा कचऱ्याचा डबा दाबा, 'खात्री आहे का?' विचारलं की 'हो' म्हणा. झालं."

झालं कसलं! खास दर म्हणजे काय, तेच आधी सांगायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला एक मूळ दर असतो. बिगारी अमुक, गवंडी तमुक, सेंट्रिंगवाला ढमुक. पण बेलवलीच्या साइटवर सातव्या मजल्यावर परांचीवर उभं राहून बाहेरून प्लास्टर मारायचं तर गवंडी शंभर रुपये जास्त मागतो. मग त्या साइटपुरता, त्या माणसापुरता वेगळा आकडा टाकतात. तोच खास दर. तो खोडला की माणूस आपोआप मूळ दरावर येतो. 'आपोआप' हा शब्द पोराने तीनदा उच्चारला, तिन्ही वेळा कौतुकाने.

मी शंका काढली. सोमवार ते बुधवार गवंडी खास दराने राबला. गुरुवारी तू डबा दाबलास. रविवारी हिशोबाला बसल्यावर मागचे तीन दिवस कुठल्या दराने धरणार? पोराने चालवून पाहिलं. तिन्ही दिवस मूळ दराने आले. झालेल्या कामाची मजुरी मागे जाऊन कापली गेली होती, आणि कुणी कापली, कधी कापली, याचा मागमूस नाही.

"काका, हा बग आहे."

"आपल्याकडे याला मुकादम म्हणतात."

मुकादमाला बटण लागत नाही. सकाळी नाक्यावर बोललेला रेट संध्याकाळी खोडायला त्याला "मी कधी बोललो?" एवढं वाक्य पुरतं. पूर्वी घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. आता घोडा तोच, रेट बदलतो. खोडल्याचा पुरावा सापडत नाही, कारण मुळात काही लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं नसण्याचे आणखीही फायदे आहेत, अर्थात मुकादमाला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तीन वर्षं विटा वाहिलेल्या माणसाकडे 90 दिवसांचा कागद नसतो. पाठ दाखवून चालत नाही.

लिहायला साधन नव्हतं, अशीही सबब नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजाच्या अमात्य-प्रधानांची नावं शिस्तीत कोरली आहेत. ती कोरणाऱ्याला दिवसाचं काय पडत होतं, तेवढं राहून गेलंय. छिन्नी त्याच्याच हातात होती हो!

आणि खोडणं थांबवता येत नाही, असंही नाही. उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं पाडायची वेळ आली, तेव्हा ती नियमित करण्यासाठी 2006 मध्ये त्या एका शहरापुरता वेगळा कायदा झाला. 'खात्री आहे का?' या प्रश्नाला खुद्द सरकारने 'नाही' म्हटल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण मला आठवत नाही. गवंड्याच्या शंभर रुपयांसाठी विधिमंडळ कशाला बसेल?

असो. पोरगा गुणी आहे. आठवड्यात त्याने दुरुस्ती केली. आता डबा दाबला की 'कोणत्या तारखेपासून?' असं विचारतो, मागचे दिवस जुन्याच दराने राहतात आणि दाबणाऱ्याचं नाव उमटतं. एका ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणाला, सगळं झकास आहे, फक्त ते नाव उमटायचं बंद होतं का बघा.

मग मी मूळ दराकडे वळलो. हा आकडा आणला कुठून? म्हणे, सरकारी किमान वेतनाचा. कधीचा? पोराने मान खाजवली. त्या वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत, दर सहा महिन्यांनी बदलतो. याने आकडा एकदा टाकला आणि झाकून ठेवला. म्हणजे खास दर खोडला की माणूस नाक्यावरच्या चालू भावावरून घसरतो तो थेट कायद्याच्याही खाली. तेही आपोआप. पुस्तिकेत ठळक अक्षरांत सूचना घातली. शिवाय हेही घातलं, की 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलेल्या माणसाचा हिशोब कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो. "उद्या ये" दोनदाच म्हणता येतं.

शेवटी यादी वरून खाली वाचत होतो. 'बिगारी (पुरुष)' आणि त्याखाली 'बिगारी (स्त्री)'. घमेलं एकच, जिना एकच, आकडे दोन. खालचा कमी.

"हा खास दर का रे?"

"नाही काका, मूळच आहे. सगळे ठेकेदार असाच देतात, म्हणून आधीच भरून ठेवलाय."

समान मोबदल्याचा कायदा 1976 मध्येच झाला, म्हटलं. पोराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तो बिचारा ओशाळला, लगेच कचऱ्याचा डबा दाबला, 'खात्री आहे का?' ला 'हो' म्हणाला. पडद्यावर तांबडी चौकट आली :

'हा दर वापरात आहे. डिलीट करता येणार नाही.'