झेंडो पडलो!

पोट हळवं असलेल्या माणसाने ईरी सरोवरात जाऊ नये, हे मला कुणीतरी मुंबईतच सांगायला हवं होतं. सरोवर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कमळं, दगडी पायऱ्या आणि काठावर एखादं महादेवाचं देऊळ येतं. इथे पंचवीस हजार चौरस किलोमीटर पाणी आणि पलीकडचा काठ थेट कॅनडात. अमेरिकेच्या पाच थोरल्या सरोवरांत हे सगळ्यात उथळ. सरासरी खोली 19 मीटर, आणि आम्ही होतो त्या पश्चिमेच्या भागात तर सात-साडेसातच. “म्हणजे बुडण्याला काही मर्यादा आहे,” असं मी धाकट्या भावाला म्हटलं, तेव्हा तो नुसता हसला. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकीला लागून एक अशा उठतात, हे त्याने बोट धक्क्यापासून अर्धा तास लांब गेल्यावर सांगितलं. समुद्राची लाट माणसाला वर नेते, जरा वेळ देते, मग खाली आणते. ईरीची लाट वेळ देत नाही.

आणि मी कोण? फोंडा घाटात एसटी शिरायच्या आधीच जिच्यासाठी खिडकीची जागा रिकामी करून दिली जाई, ती. मागच्या खिडकीतले प्रवासी आपण होऊन काच लावून घेत. माझ्या पर्समध्ये पारपत्र नसेल एक वेळ, पण आलेपाकाच्या वड्या, आवळा सुपारी, लिंबू आणि दुहेरी पिशव्या असतातच. ओहायोतही होत्या.

भाऊ टोलेडोला इंजिनियर आहे. डोक्यावरचे केस गेले, पण हौस जात नाही. दर उन्हाळ्यात पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यावरून तो आपली छोटी बोट काढतो आणि ‘वॉलआय’ नावाच्या माशामागे लागतो. पोर्ट क्लिंटन स्वतःला वॉलआयची जागतिक राजधानी म्हणवतं. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री तिथे 20 फूट लांबीचा, 600 पौंड वजनाचा फायबरग्लासचा मासा क्रेनने खाली उतरवतात आणि त्याच्याकडे बघत लोक नव्या वर्षात जातात. आमच्या सिटीलाइट मार्केटच्या कोळणी एवढंच विचारतील, अख्खा घेतंय की तुकड्या करू?

जून संपत आला होता. गावातले रस्त्यावरचे दिवे मालवलेले, कारण मेफ्लाय नावाचे किडे सरोवरातून लाखोंनी वर येतात, दिव्यांवर झुंबड करतात आणि सकाळी रस्त्यावर त्यांचा कुरकुरीत थर पडतो. हवामानखात्याच्या रडारवर त्यांचे ढग दिसतात. 1950च्या दशकात सरोवराचा तळ प्राणवायूवाचून इतका गुदमरला की हे किडे जवळजवळ नाहीसे झाले होते. पाणी सुधारलं, तेव्हा 1990च्या दशकात परत आले. म्हणून त्यांना शिव्या द्यायच्या नाहीत, असं भावजयीने बजावलं. एक माझ्या चहात पडला. मी दिली नाही.

आता मुख्य अवजाराकडे येते. आपल्याकडे गरवायचं म्हणजे गरीला सुंगट लावायचं, दोरी पाण्यात सोडायची आणि गप्प बसायचं. इथे गप्प बसून चालत नाही. बोट ताशी दोनेक किलोमीटरने चालवत ठेवायची आणि मागून गळ ओढायचे. गळाला गांडूळ, गांडुळापुढे मणी आणि गिरगिरणारी चकतीही. पण सगळे गळ बोटीच्या मागेच राहिले तर एकमेकांत अडकतात. शिवाय पाणी आता फार नितळ झालंय. 1980च्या दशकाच्या शेवटी युरोपातून जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर झेब्रा शिंपले आले आणि त्यांनी पाणी गाळून गाळून स्वच्छ केलं. माशाला बोट दिसते आणि तो बाजूला सरकतो, असं भावाचं म्हणणं. म्हणून मासा बाजूला गेला तर गळही बाजूला न्यायचा.

त्यासाठी फळी. हातभर लांबीची, तरंगणारी, पुढचं टोक तिरपं छाटलेलं. गळाची दोरी तिला चिमट्याने अडकवायची आणि पाण्यात सोडायची. बोट पुढे जाते, पाणी तिरप्या टोकावर आपटतं आणि पतंगाला वारा नेतो तशी ती फळी बोटीपासून लांब लांब कडेला जाते. डाव्या अंगाला तीन, उजव्या अंगाला तीन. बोटीच्या दोन्ही बाजूंनी आपण पाण्याची बरीच रुंद पट्टी विंचरत जातो.

आता मासा लागला हे कसं कळणार? मोठा असेल तर फळी मागे पडते. पण वीतभर पिल्लू लागलं तर ते बिचारं अर्धा तास फरफटत येतं आणि बोटीवरचा माणूस सँडविच खात बसतो. म्हणून प्रत्येक फळीच्या शेपटीला एक नारिंगी झेंडा. झेंड्याला स्प्रिंग, स्प्रिंगपुढे दांडी, दांडीला मागे जाणारी दोरी. दोरीवर जरा जादा ओढ आली की झेंडा मागे झुकतो, मोठी ओढ आली की आडवा. उभा झेंडा म्हणजे काही नाही, आडवा झेंडा म्हणजे जेवण.

स्प्रिंग किती घट्ट करायची यावर भावाने मला जवळपास एक व्याख्यान दिलं. ढिली ठेवली तर नुसत्या चकतीच्या ओढीनेच झेंडा लोळतो. घट्ट केली तर मासा लागूनही ताठ. मधलं माप प्रत्येक गळाला वेगळं. तो डोळ्यांना चष्मा लावून, जिभेचं टोक दातात धरून एकेक स्प्रिंग पिळत होता, आणि मला आलेपाकाची दुसरी वडी लागत होती.

“ताई, तू एक काम कर. तू झेंडे बघ.”

ज्या बाईला पाण्याकडे बघून मळमळतं तिला सहा हलते झेंडे बघायला बसवायचं, हा सख्ख्या भावाशिवाय कुणाचा विचार असू शकत नाही. मळमळीवर जगभरचा उपाय एकच, क्षितिजाकडे बघा, ते स्थिर असतं. झेंडे स्थिर नसतात. डावीकडचा पहिला लाटेबरोबर मान डोलावी, दुसरा त्याच्या विरुद्ध, तिसरा मधूनच आडवा होऊन परत उभा. उजवीकडे बघावं तर तिकडेही तोच दंगा. मी “पडला!” म्हणायची, भाऊ धावायचा, दोरी गुंडाळून आणायचा, गळाला शेवाळ. पुन्हा “पडला!”, पुन्हा शेवाळ. एकदा खरोखर मासा निघाला, पण तो वीतभर होता. 15 इंचांखालचा वॉलआय ठेवायचा नाही, असा तिथला कायदा. भावाने पट्टी काढून त्याला मोजलं आणि सोडून दिलं. आमच्याकडे एवढ्याशा माशाला तळायला घेतात आणि तो कसा कुरकुरीत लागतो यावर चर्चा करतात.

“आत्या, तू फार ओरडतेस,” भाची म्हणाली. ती बारा वर्षांची आहे आणि पाठ टेकून पुस्तक वाचत होती. लाटांत! वाचत होती! ही आमच्या घराण्यातली नव्हे, हे मला तेव्हाच कळलं.

डावीकडे लांब साउथ बास बेटावरचा पेरीचा स्तंभ दिसत होता. 1813च्या आरमारी लढाईच्या आठवणीखातर उभारलेला, 352 फूट उंच, आणि त्या सगळ्या परिसरात एकटाच न हलणारा. मी त्याच्याकडे कृतज्ञतेने बघत होते. नेमकं तेव्हाच समोरून बेटाकडे जाणारी फेरी आली.

फेरी म्हणजे मोटारी आणि माणसं भरलेलं मोठं जहाजच. भावाने सुकाणू वळवलं. आता या फळ्यांचं असं, की बोट वळली की आतल्या बाजूच्या फळ्या मंदावतात आणि बाहेरच्या बाजूच्यांना मोठा फेरा पडतो, म्हणून त्या जोरात पळतात. पळाल्या की ओढ वाढते. ओढ वाढली की स्प्रिंग सुटते. म्हणजे एका क्षणात उजवीकडचे तिन्ही झेंडे आडवे.

मी जी ओरडले ते भाचीने पुस्तक मिटलं.

आणि माझा भाऊ, जो ऑफिसात इंग्रजीत मिटिंगा घेतो, घरी बायकोशी प्रमाण मराठीत बोलतो आणि ज्याच्या तोंडून कित्येक वर्षांत आमची बोली मी ऐकलेली नव्हती, तो बोटीवर उभा राहून बोंबलला, “झेंडो पडलो! ताई, तीनय पडले गो! बघतंस काय, ओढ!”

ओढ म्हणजे काय ओढ? त्याने वेग कमी केला. वेग कमी झाल्यावर फळ्यांना कडेला ढकलणारं पाणी उरलं नाही, त्या मध्ये घसरल्या. गळ खाली बसले. फेरीच्या लाटा आल्या. तीन दोऱ्या, तीन फळ्या, तीन झेंडे, गांडुळं, मणी, चकत्या, सगळं एकमेकांत शिरलं आणि बोटीच्या मागे एक नारिंगी-पिवळं प्रकरण तरंगू लागलं. त्यात डावीकडची एक दोरी, जिचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तीही स्वखुशीने सामील झाली. फेरीवरच्या पोरांनी आम्हाला हात केले. मी हात करणार होते, पण हात पिशवी धरण्यात गुंतले होते.

आम्ही तो गुंता वर ओढला आणि बोटीच्या तळाशी पसरला. भाची सुटका म्हणून इंजिनापाशी गेली. भाऊ मांडी घालून बसला. कात्रीने कापून टाक, म्हटलं तर ऐकेना. दोरीचे पैसे नव्हेत, अभिमान. मी एक टोक धरलं, त्याने दुसरं. मी तोंड वर करून स्तंभाकडे बघत होते, बोटांनी गाठी सोडवत होते, आणि दर दहा मिनिटांनी बोटीच्या कठड्यावर जाऊन ईरीला प्राणवायूहून वेगळं असं काही देऊन येत होते.

मध्येच त्याने दोरी तर्जनीवर घेतली, वरून अंगठा हलकेच टेकवला आणि ओढ लागतेय का ते बघितलं. आमचे बाबा मे महिन्यात कर्लीच्या खाडीवर गरवायला बसत, तेव्हा दोरी अशीच धरत. झेंडा नाही, फळी नाही. मासा बोटाला कळायचा. दोरी थरथरली की ते आधी आमच्याकडे बघत आणि मग ओढत.

“बाबांना एकदा इथे आणायचं होतं,” भाऊ म्हणाला, मान खाली. “व्हिसा झाला होता, ताई. तिकीट तेवढं राहिलं.”

मला ठाऊक होतं. व्हिसा आलेलं पारपत्र अजून माझ्याच कपाटात आहे. मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या हातातली गाठ हलली.

गाठ आपण होऊन हलत नसते. खालून कुणीतरी ओढत होतं. चौथ्या दोरीचा गळ अजून पाण्यात होता, झेंड्यासकट अख्खी फळी माझ्या मांडीवर होती, आणि झेंडा माझ्या पदराखाली नीट ताठ उभा होता. एवढी स्प्रिंगांची शास्त्रं सांगितली, आणि मासा शेवटी बोटालाच कळला. आम्ही दोघांनी हातांनीच दोरी ओढली. रुपेरी, जाडजूड, पाठीला कुबड असलेला दीड-दोन किलोचा ऐवज वर आला. आणि बोटीत पडल्यावर तो घुरघुरू लागला. खरंच घुरघुरत होता!

“छ्या,” भाऊ म्हणाला. “शीपहेड. फेकून दे.”

मी आयुष्यात विमान चालवलेलं नाही, भाषण केलेलं नाही, स्वयंपाकही बरा म्हणावा इतकाच. पण मासा मला कळतो. कोळणीने दाखवायच्या आधी मी कल्ले उघडून बघते. तो मासा बघताक्षणी मला ओळखीचा वाटला: तोंडाची ती ठेवण, पाठीचा तो उतार, तो आवाज. हा आपल्या घोळ माशाच्या आणि ढोम्याच्या कुळातला आहे, असं मी म्हणाले. भाचीने फोनवर शोधलं आणि चक्क निघालं, एकच कुळ. आवाज काढतात तोही एकाच रीतीने, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू वाजवून. घोळ माशाची तीच पिशवी सोन्याच्या भावाने जाते म्हणून सातपाटीचे लोक समुद्राकडे डोळे लावून बसतात. आणि त्याच्या या गरीब चुलतभावाला ओहायोत कचरा म्हणतात. मी मासा कुशीत धरला. भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, लोकांना घुरघुरता येतं का? भाची माझ्या बाजूने झाली, पण मासा खायला मिळेल म्हणून नव्हे. या माशाच्या कानातली हाडं पांढऱ्या खड्यांसारखी असतात, ती किनाऱ्यावर सापडली की पोरं जपून ठेवतात. तिच्याकडे बाटलीभर आहेत.

मासा बर्फात गेला.

त्यानंतर दोन वॉलआयही लागले, झेंडे पाडून, रीतसर. त्यांची आठवण मला एवढीच आहे, की मी तेव्हा आडवी होते.

धक्क्याजवळ मासे साफ करून देणारं दुकान आहे, पौंडावर पैसे घेतात. रांगेत लोक 2022च्या भानगडीवर अजून बोलत होते. क्लीव्हलँडच्या एका स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीचे मासे चिरले तर पोटात शिशाचे गोळे. दोघांना दहा दिवसांचा तुरुंग झाला, बोटही गेली. मी मनात म्हटलं, आमची कोळीण वजनात पाणी धरते, पण ते बर्फाचं असतं, त्यात एक सभ्यता आहे.

मग मी काउंटरच्या पलीकडे बघितलं आणि माझी मळमळ एकदम उतरली. तो माणूस वॉलआयच्या दोन्ही बाजूंची मांसाची पट्टी काढत होता आणि उरलेलं सगळं, डोकं, काटा, शेपूट, पिंपात टाकत होता. सुबक, डोळे चमकणारी, ताजी डोकी! एकामागून एक! रांगेतल्या प्रत्येकाच्या माशाची!

“ताई, नको,” भाऊ म्हणाला. मी काही बोललेही नव्हते.

“त्याला विचार, ती डोकी घेऊ का.”

“मी विचारणार नाही. मी इथे दरवर्षी येतो.”

मी स्वतः विचारलं. तो माणूस म्हणाला, हवी तेवढी न्या, आणि वर माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. मी पर्समधून दुहेरी पिशव्या काढल्या. त्या दिवशी सकाळपासून त्यांचा उपयोग एकाच कामासाठी झाला होता, पण काही कोऱ्या उरल्या होत्या. भाऊ मोटारीत जाऊन बसला आणि त्याने काच वर केली, फोंडा घाटातल्या त्या प्रवाशांच्या अदबीने. भाची मात्र माझ्याबरोबर पिंपाशी वाकली.

“आत्या, यांचे डोळे पण खायचे?”

“आधी तेच. आणि बापाला विचार, घरी कोकम आहे की आणायला लागेल.”