स्टुटगार्टमध्ये योगायोगाने कसे भेटावे?

(नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

आनमेल्डुंग झाली, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद होऊन कागद हातात आला. बँकेचे कार्ड आले. आईने बांधून दिलेल्या दशम्या संपल्या. मग एका सोमवारी ऑफिसात ‘मॉर्गन’ म्हणताना घसा खरखरला आणि लक्षात आले की शुक्रवार संध्याकाळनंतर तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. इथवर प्रगती झालेल्या होतकरू परदेशस्थासाठी हे मार्गदर्शन आहे. त्याआधीच्या पायरीवर असलेल्यांनी आधी दशम्या संपवाव्यात.

अशा वेळी पिंपरीहून फोनवर धीर दिला जातो, ‘‘अरे, भेटेल की कुणीतरी आपलं!’’ मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून जुळी शहरे आहेत, बॉश, मर्सिडीज, पोर्शे यांची मुख्यालये याच परिसरात आहेत, चाकणचा आणि इथला संबंध तर रोजच्या ईमेलचा. म्हणजे आपली माणसे मुबलक आहेत. पण ती आपापल्या खोलीत बसून हाच फोन घेत असतात. तेव्हा पहिला नियम पाठ करावा: योगायोग नशिबावर सोडू नये. त्याला ठिकाण लागते, वार लागतो आणि हातात पिशवी लागते.

वार शनिवार. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात. त्यामुळे रविवारच्या वरणासाठी तूरडाळ नाही हे शनिवारी दुपारी चारला आठवलेले सगळे भारतीय साडेचारला एकाच दुकानात सापडतात. दुकान ‘इंडियन’, मालक बहुधा श्रीलंकेचा तमिळ, पंजाबी किंवा अफगाण. त्याच्याशी आधी संबंध जोडावेत. उपासाच्या आदल्या दिवशी कोण येते, कोण वरई मागते, आमसूल नाही म्हटल्यावर कुणाचा चेहरा पडतो, हे सगळे त्याला पाठ असते. मराठी मंडळाच्या यादीत नसलेली माणसे त्याच्या डोक्यात असतात.

दुकानात मराठी माणूस ओळखण्याची लक्षणे थोडी आणि खात्रीची आहेत. साबुदाण्याची दोन पाकिटे दोन हातांत धरून दाण्याचा आकार पारखणारा. पोह्याचे पाकीट दाबून ‘‘जाडे आहेत, चिवड्याला नाही चालायचे’’ असे कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणणारा. पण सर्वांत भरवशाची खूण पिशवी. सांगली-साताऱ्याकडच्या साडीच्या दुकानाची किंवा लग्नात वाटलेली, वधूवरांची नावे छापलेली कापडी पिशवी घेऊन जो वजनकाट्यापाशी उभा आहे, त्याला इंग्रजीत हाक मारण्यात अर्थ नाही.

दुसरे ठिकाण रेल्वे स्टेशन. इथले मुख्य स्टेशन जमिनीखाली नेण्याचे काम २०१० साली सुरू झाले. उद्घाटनाची तारीख इतक्या वेळा पुढे गेली आहे की पुण्याहून आलेल्याला परके वाटण्याचे काहीच कारण नाही. फलाटापासून शहरापर्यंत तात्पुरत्या बोगद्यांतून बरेच चालावे लागते. ही चाल वाया घालवू नये. कान उघडे ठेवावेत, कारण आपले लोक फोनवर बोलताना समोरचा चिंचवडला आहे हे विसरत नाहीत आणि तिथपर्यंत आवाज थेट पोचवायचा प्रयत्न करतात.

त्याहून फलदायी प्रसंग म्हणजे गाडी रद्द होणे. जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात ही समजूत भारतातच ठेवून यावी, सामानाचे वजन तेवढेच कमी होते. सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे हिशोबात वेळेवरच धरतात. साठ मिनिटे उशीर झाला तर पाव भाडे परत, दोन तास झाला तर अर्धे. मानहाइमच्या फलाटावर रात्री साडेनऊला घोषणा होते. जर्मन प्रवासी खांदे उडवतात. आणि गर्दीत कुठून तरी ‘‘शी बाई!’’ ऐकू येते. माणूस हिशोब इंग्रजीत करायला शिकतो, स्वप्नेही म्हणे जर्मनमध्ये पडू लागतात, पण गाडी चुकली की आतून मूळ गाव बाहेर पडते. ‘अगं आई गं’ आले तर घाई करू नये, पाठोपाठ काय येते ते पाहावे. ‘आयला’ आले तर थेट जाऊन उभे राहावे.

इथे एक धोक्याची सूचना. आजूबाजूला सगळे गोरे आहेत, कुणाला काय कळते, असे समजून शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या पोटावर किंवा टोपीवर मराठीत भाष्य करू नये. हायडेलबर्ग इथून रेल्वेने फार लांब नाही. तिथल्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे आणि तिथे शिकवणारे ग्युंटर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर आणि जेजुरीला फिरून खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्यावर ग्रंथ लिहून गेले. १९९२ साली ते वारले, पण त्यांचे विद्यार्थी कुठल्या गाडीने प्रवास करतात याची यादी कुणाकडे नाही. समोरचा टोपीवाला उतरताना ‘‘येतो हं’’ म्हणाला तर पुढचे सगळे प्रवास त्याच एका आठवणीत करावे लागतील.

आता संभाषण. सुरुवात कधीही मराठीत करायची नसते. आधी इंग्रजीत ‘‘फ्रॉम इंडिया?’’ मग हिंदीत ‘‘कहाँ से?’’ दोघांनाही पहिल्या क्षणाला सगळे कळलेले असते, तरी या दोन पायऱ्या गाळू नयेत. थेट ‘‘मराठी का?’’ विचारणारा माणूस विमा विकतो असा संशय येतो. पुढचा क्रम ठरलेला आहे:

‘‘पुणे!’’

‘‘पुण्यात कुठे?’’

‘‘कोथरूड.’’

‘‘मूळचे कुठले?’’

कोथरूडला मूळचे कुणी नसते, म्हणून हा प्रश्न. उत्तर येते लातूर, चिपळूण, कराड, आणि मग खरे बोलणे सुरू होते. वयाने बरोबरीचा असेल तर पाच मिनिटांत ‘तू’ वर यावे. चाळिशी उलटलेल्याला मात्र ‘काका’ म्हणायची घाई करू नये. तो इथे वीस वर्षे काढून आपल्या बॉसला पहिल्या नावाने हाक मारायला शिकला आहे आणि स्वतःला तरुण समजतो.

पगार विचारू नये. तशी गरजच पडत नाही. ‘‘ब्लू कार्ड का? कधी मिळालं?’’ एवढे विचारावे. उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या या वास्तव्य परवान्यासाठी किमान पगाराची अट असते आणि तो आकडा दरवर्षी जाहीर होतो, त्यामुळे वर्ष कळले की तळाची रक्कम कळली. ‘‘पीआर एकवीस महिन्यांत झालं की सत्तावीस?’’ हा प्रश्न वरवर सरकारी आहे. प्रत्यक्षात जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झालेल्याला २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळते, ए-वनवर भागवणाऱ्याला २७ लागतात. तेव्हा हा परीक्षेचा निकाल विचारण्याचा सभ्य प्रकार आहे. आणि जोडपे भेटले तर ‘‘टॅक्स क्लास तीन-पाच की चार-चार?’’ विचारून गप्प बसावे. नवरा-बायकोंपैकी एकाची कमाई बरीच जास्त असेल तर तीन-पाच फायद्याचे पडते, दोघांची सारखी असेल तर चार-चार. कुणाचा पगार मोठा हे मग ते दोघे एकमेकांकडे ज्या तऱ्हेने पाहतात त्यावरून कळते.

‘‘पासपोर्ट बदलणार का?’’ हे मात्र पहिल्या भेटीत विचारू नये. २०२४ पासून पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, कागद बहुतेकांचे तयार असतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, निळे पुस्तक परत करावे लागते. शनिवारी दुपारी तूरडाळीच्या रांगेत त्याचे उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. एरवी तावातावाने बोलणारे लोक या प्रश्नावर पिशवीचा बंद नीट करू लागतात.

टाळण्याची कला हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे, कारण ती तुमच्यावर वापरली जाणार आहे. आपल्याला पाहताच दहा वर्षे जुना परदेशस्थ अचानक अगरबत्त्यांचे वास घेऊ लागतो. त्याला शिष्ट म्हणू नये. नवख्याचे दुसरे वाक्य ‘‘फ्लॅट बघतोय, कुठे असेल तर सांगा’’ हेच असते हे तो अनुभवाने जाणतो, आणि या शहरात फ्लॅट त्याच्या बहिणीच्या नणंदेलाही मिळालेला नाही. तरीही चिकाटी सोडू नये. इथे भाड्याच्या घरात अनेकदा स्वयंपाकघरच नसते: ओटा, कपाटे, सिंक, सगळे जुना भाडेकरू उचलून नेतो किंवा नव्याला विकतो. परत निघालेले मराठी कुटुंब वेळेवर भेटले तर ओट्यासकट पोळपाट, मिक्सर, शिट्टी न हरवलेला कुकर आणि भिंतीवरचा फोडणीचा डाग, सगळे एका व्यवहारात मिळते. ज्यांना माणसांची हौस नाही त्यांनी निदान या कारणासाठी तरी अगरबत्त्यांच्या कप्प्यापाशी जाऊन उभे राहावे.

स्वतःला जमत नसेल तर आई-वडिलांना बोलावून घ्यावे. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि मराठी आईला त्यातले दोन पुरतात. तिसऱ्या दिवशी ती बागेतून परत येते तेव्हा तिला समोरच्या इमारतीतल्या नाशिकच्या सूनबाई, त्यांची डिलिव्हरीची तारीख आणि त्यांच्या सासूबाईंचे तिकीट कधीचे, सगळे माहीत असते. तुम्ही त्या इमारतीसमोरून वर्षभर जात-येत असता. आईच्या सामानाबद्दल मात्र आधी बजावून ठेवावे. युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तूप विमानतळावरच राहणार. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे, हापूसला नाही. ड्युरियनला सूट आणि हापूसला नाही, हा कायदा ज्याने केला त्याच्याशी आईची गाठ पडू नये एवढीच प्रार्थना.

आई-वडिलांना घेऊन टिटिसेला जावेच लागते. ब्लॅक फॉरेस्टमधले हे तळे, काठावर कोकिळेच्या घड्याळांची दुकाने, आणि महाराष्ट्रातून निघालेल्या युरोप सहलींच्या बसगाड्या. इथे योगायोग वेगळा घडवावा लागत नाही, तो छत्री उंच धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागे रांगेने येतो. डोंबिवलीच्या काकू तुम्हाला गाठतात. ‘‘इथेच राहता? थंडीत काय करता हो? भाजी मिळते? आणि कामवाली?’’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून त्यांच्या मनातले तुमचे स्थान एकदम घसरते. काळजी करू नये, ते सावरण्याची संधी पाचच मिनिटांत येते. इथल्या स्वच्छतागृहांना सुटी नाणी लागतात आणि बसमधल्या सगळ्यांकडे पन्नास युरोच्या नोटा असतात. परदेशात राहून मिळवलेले सगळे ज्ञान, पदव्या, बी-वनचे प्रमाणपत्र, यांपैकी काहीही या क्षणी उपयोगी नाही. खिशातली मूठभर पन्नास सेंटची नाणी उपयोगी आहेत. ती वाटावीत आणि परत घेऊ नयेत. काकू उलट तुम्हाला मेतकुटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि न फोडलेली बाकरवडी देतील: ‘‘घ्या हो, आमचं काय, आम्ही परवा घरी.’’ नको नको म्हणायचे ते एकदाच. दोनदा म्हटले तर त्या खरे समजतील.

टूरमधली माणसे परत भेटत नाहीत, आणि म्हणूनच ती मोकळेपणाने बोलतात. तळ्याकाठच्या वीस मिनिटांत मुलाचे लग्न का मोडले इथपर्यंत कळते. शहरात राहणारा मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा भेटणार असतो, म्हणून तो टॅक्स क्लासपाशी थांबतो. या दोघांपैकी ओळख कोणाशी झाली, यावर नवशिक्याने सध्या डोके शिणवू नये. नंबर मात्र शहरवाल्याचाच घ्यावा.

नंबर घेतल्यावर ‘‘या एकदा घरी’’ म्हणतात. पुण्यात या वाक्याला तारीख नसते. इथे समोरचा लगेच फोनवर कॅलेंडर उघडतो आणि पाच आठवड्यांनंतरचा रविवार देतो, दुपारी एक वाजता. तो मुकाट्याने घ्यावा. जाताना श्रीखंड करून न्यावे: चाळीस टक्के फॅट लिहिलेला क्वार्क, म्हणजे इथले चक्क्यासारखे ताजे चीज, रात्रभर फडक्यात टांगला की चक्क्याची उणीव भासत नाही. कमी फॅटचा घेऊ नये, तो आंबूस होतो आणि यजमान काही बोलत नाहीत. पोचल्यावर खालच्या दारापाशी थांबून या आठवड्याची पाटी कुणाच्या दारावर आहे ते यजमानांना विचारावे. स्टुटगार्टकडे केअरवोखंची पद्धत आहे, म्हणजे जिना, तळघर आणि इमारतीपुढची वाट यांचा केर काढायची आठवड्याची पाळी, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ती पाटी. ती यजमानांच्या दारावर असेल तर बूट बाहेरच नीट झटकावेत. शेजारच्या आजीबाईंच्या दारावर असेल तर काढून हातात घ्यावेत आणि श्रीखंडाचा डबा सांभाळत मोज्यांनी वर जावे.