आमच्या ह्यांच्या तलवारी

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या. काल रात्री आमच्याकडची ठोकाठोक ऐकलीत ना? भांडण नव्हतं हो. ह्यांनी दिवाणखान्यात आणखी एक तलवार टांगली. इंग्लंडात स्लाऊला येऊन लोक मोठी घरं घेतात, गाड्या घेतात. आमच्याकडे सोळाव्या शतकातल्या इटालियन सरदाराचा थाट!

बरं, खरी म्हणावी तर तसंही नाही. नक्कल. पण नक्कलसुद्धा शंभरीपलीकडची. ह्या इंग्रज लोकांना मधे जुन्या सरदारकीचं भलतंच वेड लागलं होतं. 1839 साली स्कॉटलंडात लॉर्ड एग्लिंटननं चिलखतं घालून भाल्यांच्या झुंजी लावल्या. चिलखतं पुरवली लंडनच्या सॅम्युएल प्रॅट नावाच्या व्यापाऱ्यानं. आणि आला की धो धो पाऊस! सगळा चिखल, त्यात एका सरदारानं छत्री उघडली. फजिती झाली, पण हौस कुठे फिटते? ज्याच्या त्याच्या जिन्यावर तलवार हवी. खऱ्या किती पुरणार? मग म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिटसारखे कारागीर हुबेहूब घडवायला बसले. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं तर विजेनं मुलामा चढवायचं पेटंटच घेतलं, 1840 मध्ये. पुढे मूळ वस्तूचा साचा घेऊन त्यात विजेनं तांबं चढवायचे, की नक्षी रेघेरेघेनिशी उतरायची. म्हणजे आपल्या एक ग्रॅमवाल्या पाटल्याच की! असं मी म्हटलं, तर हे पानावरून उठले.

पोलीस कशाला येतील हो? इथे वाकड्या, लांब पात्याच्या तलवारींवर बंदी आहे, पण त्यातही जुन्यांना सूट. ही तर सरळसोट, वर शंभरीपलीकडची.

काल पुसायला म्हणून हातात घेतली. मुठीभोवती वेलीसारख्या वळणावळणाच्या कड्या, परजेवर बोटाच्या पेराएवढे दाढीवाले चेहरे. एकाचं नाक पुसून पुसून पार सपाट झालंय. कुणा मेमसाहेबाच्या मोलकरणीनं घासलं असणार, दुसरं काय! मला आता ओळखताही येतं. अस्सल तलवारीत पात्याचं शेपूट मुठीतून आरपार काढून टोकाला ठोकून पसरवलेलं असतं. आमच्या हिला चक्क नट आहे. अस्सल पातं टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून हाताला हलकं लागतं. आमचं गिरणीतल्या पट्टीचं, इथून तिथून एकाच जाडीचं. उचललं की मनगट भरून येतं. पात्यावरची वेलबुट्टी ॲसिडनं कोरलेली.

पण काम देखणं आहे, खोटं कशाला बोलू? नक्कल म्हणून विकली, नक्कल म्हणून घेतली, त्यात लाज कसली? मेले ते, ज्यांनी ॲसिडनं मुद्दाम गंज चढवून असल्याच वस्तू अस्सल म्हणून गळ्यात मारल्या. इटलीची एक रुंद कट्यार असते, चिंक्वेडेआ, मुळाशी पाच बोटं रुंद. तिच्या खोट्यांचा तर नुसता सुळसुळाट होता.

आणि राजेरजवाड्यांचं तरी काय? फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस 1525 मध्ये पाव्हियाच्या लढाईत पकडला गेला, तलवारीसकट. तलवार गेली माद्रिदला. 1808 मध्ये नेपोलियनच्या माणसांनी ती तिथून काढून घेतली. आता अस्सल पॅरिसला आणि माद्रिदच्या राजवाड्यात नक्कल! हेच ऐकवून ऐकवून ह्यांनी माझ्याकडून पैसे मंजूर करून घेतले.

मामंजी साताऱ्याहून फोनवर म्हणाले, "अरे, आपल्याकडेही युरोपातली पाती यायची. आपली मूठ बसवली की झाली फिरंग. पण ती लढायला!" हे गप्प.

ते जाऊ दे. परवा तुमच्याकडे एक लांबुडकं खोकं ठेवून गेला ना तो कुरिअरवाला? पडद्याचा दांडा आहे म्हणून सांगितलं असेल ह्यांनी तुम्हाला. वहिनी, आमच्याकडे पडद्यांना दांडे नाहीतच, ब्लाइंड्स आहेत. आणा बघू ते इकडे, हे यायच्या आत उघडू.